७,८६६ पाइपांचा ऑर्गन दुरुस्त करायचा, तर पैसे कुणी द्यायचे?

आमच्या घरी आजोबांची पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मी कॉलेजात असताना तिचा आवाज बसला. दोन-तीन सूर लागेनासे झाले, म्हणून आम्ही घरच्यांनी ठरवूनच टाकलं की सूर गेले. पेटी दुरुस्त करणारे काका आले, मागची फळी काढली, आणि सुरांकडे बघायच्या आधी खाली वाकून भात्याच्या घडीवर बोट ठेवलं. चामड्याला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. पेटी दम धरत नव्हती. शेवटी जो खर्च झाला, त्यात सूर साफ करण्याचा भाग किरकोळ निघाला. बाकी सगळं चामडं, सरस आणि चार दिवसांची मजुरी.

लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या पाइप ऑर्गनची हकिगत मी वाचायला घेतली, तेव्हा ती घडी डोळ्यांसमोर आली. तिथलं काम आमच्या पेटीच्या हजारो पट मोठं, पण पैसा जिथे जातो ती जागा तीच: जी कुणाला दिसत नाही, जिचा फोटो कुणी काढत नाही. आणि म्हणूनच असा ऑर्गन दुरुस्त करण्यापेक्षा त्यासाठी पैसे उभे करणं जास्त अवघड असतं. हे पैसे कसे उभे राहतात, ते समजून घेऊ.

आधी वाद्य समजून घ्यायला हवं. ऑर्गन हा शब्द मराठी माणसाला परका नाही. बालगंधर्वांच्या काळापासून संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गन आहे, नाट्यसंगीताच्या मैफलीत आजही दिसतो. पण तो पायपेटीच्या घराण्यातला. त्यात हवेने पितळी पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गन बासरीच्या घराण्यातला. फरक एवढाच की बासरीची भोकं बोटांनी झाकत-उघडत आपण एकाच नळीतून सगळे सूर काढतो, आणि ऑर्गनच्या नळीला बोटांची भोकंच नसतात. एक नळी, एक सूर. सा ची नळी वेगळी, कोमल रे ची वेगळी, शुद्ध रे ची आणखी वेगळी.

बरं, एवढ्यावर भागत नाही. बासरीसारखा गोल आवाज हवा असेल तर नळ्यांचा एक पूर्ण संच, व्हायोलिनच्या जवळ जाणारा हवा असेल तर दुसरा संच, तुतारीसारखा खणखणीत हवा असेल तर तिसरा. त्या तिसऱ्या जातीच्या नळ्यांच्या बुडाशी पुन्हा पितळी जीभ असते, म्हणजे आपल्या पेटीशी नातं तिथे जुळतंच. अशा एका संचाला स्टॉप म्हणतात. वादकाच्या दोन्ही बाजूंना मुठी असतात. मूठ ओढली की त्या संचाला हवेची वाट मोकळी होते. हातांच्या एका कीबोर्डवर साधारण ६१ पट्ट्या, म्हणजे त्याच्या एका स्टॉपला साधारण ६१ नळ्या. काही स्टॉप असे की एका पट्टीला तीन-चार नळ्या एकदम वाजतात. फेस्टिव्हल हॉलच्या ऑर्गनला हातांचे चार कीबोर्ड, पायांचा एक, स्टॉप १०३, आणि नळ्या ७,८६६. सगळ्यात लांब जातीच्या नळीला ३२ फुटी म्हणतात. ती तीन मजली घराएवढी, तिचा खर्ज सेकंदाला सोळा कंपनांचा. तो कानाला ऐकू येण्याआधी बसल्या खुर्चीला जाणवतो. सगळ्यात लहान नळी शिसपेन्सिलीच्या तुकड्याएवढी.

नळ्या कथील आणि शिसे एकत्र वितळवून केलेल्या पत्र्याच्या, काही जस्ताच्या, काही चक्क लाकडाच्या. सांभाळून वापरल्या तर त्या शेकडो वर्षं टिकतात. मोडते ती बाकीची यंत्रणा.

तिचा प्रवास बघा. विजेचा पंखा हवा ओढतो. ती भल्यामोठ्या भात्यात साठते, तिथून लाकडी बोगद्यांतून हवेच्या पेट्यांत जाते, आणि त्या पेट्यांवर नळ्या उभ्या असतात. विसाव्या शतकातल्या बहुतेक मोठ्या ऑर्गनमध्ये वादकाने पट्टी दाबली की तारेतून वीज जाते, विजेने एक इवलीशी झडप उघडते, त्यासरशी चामड्याची एक छोटी फुगी हवेच्या दाबाने हलते, आणि ती फुगी नळीखालची मोठी झडप उघडते. पट्टी दाबण्यापासून सूर येईपर्यंत हे सगळं पापणी लवायच्या आत. अशा फुग्या मोठ्या वाद्यात शेकडोंनी असतात, काही ठिकाणी हजारोंनी. आणि चामडं आहे ते. चाळीस ते साठ वर्षांत सुकतं, कडक होतं, चिरतं. शहराची काजळी आणि हिवाळ्यातलं हॉलमधलं हीटिंग त्याचं आयुष्य आणखी कमी करतात.

ही चामडी कामं यंत्राने होत नाहीत. जुनं चामडं सोलून काढायचं, लाकडावरचा जुना सरस खरवडायचा, नवं मेंढीचं चामडं बेतायचं, त्याच्या कडा रापीने तासून इतक्या पातळ करायच्या की चिकटवल्यावर बोटाला उंचवटा लागू नये. मग गरम सरस, वरून कोमट ओल्या फडक्याचा हात, आणि वाळायला वेळ. सरसच का, आजचे चिकट गोंद का नाहीत? कारण सरस गरम ओलाव्याने पुन्हा सुटतो. पन्नास वर्षांनी जो माणूस हेच काम करायला बसेल, त्याला लाकूड न फाडता चामडं काढता आलं पाहिजे. मला या पुढच्या माणसाच्या काळजीचं फार कौतुक वाटतं. पण या काळजीचे तास बिलात येतातच.

आता खुद्द हॉलकडे वळू.

रॉयल फेस्टिव्हल हॉल थेम्सच्या दक्षिण काठावर आहे. महायुद्धानंतर १९५१ साली फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन झाला, त्यासाठी लंडन काउंटी कौन्सिलने तो बांधला. त्या वर्षी ३ मे रोजी हॉल उघडला तेव्हा ऑर्गन तयार नव्हता. तो वाजला २४ मार्च १९५४ ला. त्या तारखेला ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग अजून उठायचं होतं; ते उठलं जुलैमध्ये. लोक कुपनावर मटण आणत होते आणि शहराची सत्ता सार्वजनिक पैशातून हजारो नळ्यांचं वाद्य उभारत होती. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो, आणि बरोबरही.

वाद्याचा आराखडा राल्फ डाउन्स यांचा. ते लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरीचे ऑर्गनवादक. बांधणी डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन या १८६१ पासूनच्या कंपनीची. डाउन्स यांनी इंग्रजी ऑर्गनचा जाड, धूसर आवाज बाजूला ठेवला आणि जुन्या जर्मन, डच, फ्रेंच वाद्यांकडे बघून स्वच्छ, धारदार आवाज मांडला. त्यावर भरपूर वाद झाला. पण पुढच्या पिढीतल्या इंग्लंडच्या कितीतरी ऑर्गनवर या वाद्याची छाप पडली. हा इतिहास पैशाच्या गोष्टीत का आणला, तर पैशासाठीच्या अर्जात पहिला प्रश्न हाच असतो: हेच वाद्य का वाचवायचं? ज्या वाद्याला असा इतिहास आहे, त्याच्या अर्जाला पाया असतो. शिवाय १९८८ मध्ये ही इमारत वारसा यादीत ग्रेड एक या सगळ्यात वरच्या वर्गात गेली. युद्धानंतर बांधलेल्या इमारतींमध्ये हा मान मिळालेली ती पहिली. त्यामुळे ऑर्गन काढून टाकून तिथे लाकडी भिंत उभी करणं हा मार्ग तसाही बंद होता.

हॉलचा खरा दोष त्याच्या आवाजात होता. वाद्यवृंदाचा नाद तिथे पटकन विरायचा. साठच्या दशकात तर छतात मायक्रोफोन आणि स्पीकर बसवून घुमारा वाढवायचे प्रयत्न झाले. शेवटी २००५ ते २००७ हॉल बंद ठेवून आतून नव्याने बांधला. खर्च सुमारे ११ कोटी पौंड. रंगमंचाची रचना बदलली, वाद्यवृंदाला जागा वाढवून दिली, आणि त्यासाठी ऑर्गनला पुढून मागे व्यापलेली आपली जागा कमी करून साधारण एक मीटर मागे सरकावं लागणार होतं. म्हणून तो पूर्ण उतरवला गेला. नळ्या डरहॅमला गेल्या. हॉल २००७ मध्ये उघडला तेव्हा ऑर्गनचा फक्त एक तृतीयांश भाग परत आला होता.

बाकीचा दोन तृतीयांश ऑर्गन, पैसे नाहीत म्हणून, थांबला. आणि तो तब्बल सात वर्षं थांबला.

वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येते: ११ कोटी पौंड उभे राहिले, मग ऑर्गनचे उरलेले पैसे का नाही? ऑर्गनसाठी लागणारी रक्कम होती २३ लाख पौंड, म्हणजे त्या ११ कोटींच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण मोठ्या बांधकामात हेच होतं. छत, वायरिंग, आगीची सोय, स्वच्छतागृहं, लिफ्ट ही कामं टाळता येत नाहीत. खर्च वाढत गेला की जे पुढे ढकलता येतं ते पुढे ढकलतात. ऑर्गन पुढे ढकलता येतो. त्याच्याशिवाय हॉल उघडता येतो, तिकिटं विकता येतात. वर्षातल्या बहुतेक मैफलींना त्याची गरज पडत नाही. सें-साँसची तिसरी सिम्फनी असली, रिचर्ड श्ट्राउसच्या ‘आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा’चा पहिला खर्ज असला, की तो लागतो. ज्याने तिकीट काढलं त्याला त्या एका रात्री तो हवाच असतो. पण हिशेबाच्या वहीत ती एक रात्र फार लहान दिसते.

तिकिटांतून हा खर्च निघेल असं कुणाला वाटत असेल, तर ते सोडून द्यावं. ऑर्गन हा हॉलचा कमावता मुलगा नाही. त्यामुळे पैसा बाहेरून आणावा लागतो.

तो आला असा. पहिला मोठा हात हेरिटेज लॉटरी फंडाचा: ९.५ लाख पौंड. उरलेले १३.५ लाख हा हॉल चालवणाऱ्या साउथबँक सेंटर या संस्थेने लोकांकडून, ट्रस्टांकडून, देणगीदारांकडून जमवायचे. मोहिमेचं नाव होतं ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’. इंग्रजीत जीव तोडून प्रयत्न करणे अशा अर्थाने हे शब्द रोज वापरतात, आणि ते आलेच आहेत ऑर्गनमधून: सगळ्या मुठी ओढा, सगळे संच एकदम वाजू द्या.

लॉटरी फंड म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ मध्ये सुरू झाली. प्रत्येक तिकिटातला ठरावीक हिस्सा कला, खेळ, वारसा अशा कामांसाठी बाजूला पडतो, आणि वारशाचा वाटा हा फंड वाटतो. अर्ज मोठा असला की तो दोन टप्प्यांत जातो. आधी कल्पना मान्य होते, मग तपशील: वाद्याची तपासणी, कारागिरांचे दर, अडचण आली तर बाजूला ठेवलेली रक्कम, देखभालीचा आराखडा. आणि सगळं मंजूर झालं तरी फंड पूर्ण खर्च देत नाही. इथे त्याचा वाटा ४१ टक्के होता. बाकीचं तुम्ही आणा, मग आमचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळतील, असा हा व्यवहार असतो.

यात एक पेच आहे आणि पैसे जमवणाऱ्यांची झोप तोच उडवतो. फंड विचारतो, बाकीचे पैसे कुठे आहेत? देणगीदार विचारतो, फंडाने मान्यता दिली का? दोघेही एकमेकांकडे बघत थांबतात. यातून सुटण्याची वाट म्हणजे आधी दोन-चार जवळच्या मोठ्या देणगीदारांकडून शब्द मिळवणं, गाजावाजा न करता, आणि मग फंडाकडे जाणं. जाहीर आवाहन सगळ्यात शेवटी. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांनी केलाय त्यांना हे सांगायला नको. वर्गणीच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव आहे ते बघूनच पुढचे लोक आकडा घालतात.

फंडाची आणखी एक अट असते, आणि तिच्यावर पुष्कळ संगीतप्रेमी नाक मुरडतात. लोकांपर्यंत पोचा, शाळांना बोलवा, ज्यांनी ऑर्गन कधी ऐकला नाही त्यांना ऐकवा. मला ही अट शंभर टक्के योग्य वाटते. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्यांत चार पैसे गाठीला नसलेले लोक भरपूर असतात. त्यांच्या खिशातला पैसा जर नदीकाठच्या हॉलमधल्या वाद्यावर जाणार असेल, तर त्या वाद्याचा दरवाजा त्यांच्या मुलांना उघडा असलाच पाहिजे. हे जो अर्जात नाइलाजाने लिहितो, त्याचा अर्ज वाचणाऱ्याला ते कळतं.

मग सामान्य देणगीदार. इथे ब्रिटनच्या करकायद्यातली एक सोय फार कामाला येते, तिचं नाव गिफ्ट एड. प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाने धर्मादाय संस्थेला १०० पौंड दिले आणि एक साधा जबाब लिहून दिला, की संस्था सरकारकडून वर २५ पौंड मागून घेते. देणाऱ्याच्या खिशाला जास्तीची तोशीस नाही. समजा ते १३.५ लाख सगळे अशाच व्यक्तींकडून आले असते, तर लोकांना प्रत्यक्षात १०.८ लाखच द्यावे लागले असते. तसं होत नाही, कारण ट्रस्ट आणि कंपन्यांच्या देणगीला ही सोय नाही. पण लहान देणगीदाराला ती जरूर सांगावी. आपले शंभर सव्वाशे होतात हे ऐकून माणूस खुलतो.

लहान देणगीदारासाठीच नळी दत्तक द्यायची पद्धत आहे. ऑर्गनच्या नळ्यांची यादी करायची, लहान नळीला छोटी रक्कम, मोठ्या नळीला मोठी, आणि देणाऱ्याला प्रमाणपत्र. साउथबँकने हेच केलं. कल्पना सुंदर आहे, कारण ऑर्गन जन्मतःच तिच्यासाठी बनलेला आहे. पियानोच्या तारा दत्तक देऊन कुणी भारावत नाही. पण साडेसात हजारांहून जास्त सुट्या वस्तू, प्रत्येकीला स्वतःचा एकच सूर, आणि तुमच्या आईच्या आवडीच्या सुराची नळी तिच्या नावाने! मी तिथे असतो तर खिशात हात घातलाच असता.

आता हिशेब करू. २३ लाख भागिले ७,८६६ म्हणजे नळीमागे सुमारे २९२ पौंड. पण नळी पुसायला, ठोके काढायला, सुरात आणायला एवढा खर्च येत नाही. मग बाकीचे कुठे जातात? भात्यात. झडपांत, चामड्यात, तारांत, हवेच्या बोगद्यांत. लंडन ते डरहॅम चारशेहून जास्त किलोमीटरच्या वाहतुकीत, विम्यात, मचाणात. आणि आणखी एका जागी, जी अंदाजपत्रकात पुष्कळजण विसरतात: शांततेत. नळ्या बसवून झाल्या की एकेका नळीच्या ओठाला, पायाला सूक्ष्म हात लावून तिचा आवाज त्या हॉलसाठी जुळवावा लागतो. याला व्हॉइसिंग म्हणतात. त्या वेळी हॉलमध्ये झाडू मारण्याचा आवाजही चालत नाही. म्हणजे एकतर कारागिरांनी रात्री काम करायचं, नाहीतर हॉलने भाड्याचे दिवस सोडायचे. शांतता विकत घ्यावी लागते.

म्हणून नळी दत्तक देताना शब्द जपून वापरायला हवेत. इंग्लंडच्या धर्मादाय कायद्यात, एखाद्या ठरावीक कामासाठी मागितलेले पैसे त्याच कामाला लावावे लागतात. ‘या नळीच्या दुरुस्तीसाठी द्या’ असं छापलं आणि पैसे भात्याला लावले, तर ते चूक ठरू शकतं. ‘नळीच्या नावे ऑर्गनच्या दुरुस्तीला द्या’ असं छापलं तर रस्ता मोकळा. दोन शब्दांचा फरक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मला वाटतं, लोकांना भात्याबद्दल सरळ सांगावं. चामड्याची चिरलेली फुगी हातात देऊन दाखवावी. लोक समजतात. आमच्या घरी त्या काकांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा वडिलांनी एका शब्दाने घासाघीस केली नव्हती.

हॉलने २००७ मध्ये एक तृतीयांश ऑर्गन लावला, त्याबद्दल दोन मतं आहेत. अर्धवट वाद्य लावून वेळ मारून नेली, असं काहींना वाटलं. मला तो निर्णय पटतो. नळ्या गोदामात गेल्या आणि समोरची जागा पडद्याने झाकली, की दोन वर्षांत लोक विसरतात. समोर काही नळ्या उभ्या आहेत आणि बाकीची जागा मोकळी आहे, हे अडीच हजारांहून जास्त श्रोत्यांना दर मैफलीत दिसत राहिलं. कुठल्याही पत्रकापेक्षा ती मोकळी जागा जास्त बोलली असणार.

असा तुकड्यातुकड्याने मार्ग काढण्याचं दुसरं ठळक उदाहरण अमेरिकेत अटलांटिक सिटीला आहे. तिथल्या बोर्डवॉक हॉलमध्ये १९२९ ते १९३२ दरम्यान बांधलेला जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गन आहे, नळ्या ३३,११२. १९४४ च्या चक्रीवादळात पाणी आत शिरलं आणि यंत्रणा बिघडली. पुढे या शतकाच्या सुरुवातीला हॉलचं नूतनीकरण झालं, त्या गडबडीत राहिलंसाहिलं वाद्यही बंद पडलं. इमारत सजली आणि वाद्य मुकं झालं. मग एका ना-नफा समितीने काम हातात घेतलं, खर्च सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर धरला, आणि नळ्यांचं एक दालन वाजतं करायचं, ते लोकांना ऐकवायचं, त्या जोरावर पुढच्या दालनाचे पैसे मागायचे, असं चाललं आहे. संथ आहे, पण दर टप्प्याला ऐकवायला काहीतरी हाती असतं.

मेलबर्न टाउन हॉलचं मात्र सोपं झालं. १९२५ च्या आगीत तिथला जुना ऑर्गन जळाला, १९२९ मध्ये नवा आला, आणि त्याची दुरुस्ती २००१ मध्ये पुरी झाली, सुमारे ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. मालक महापालिका, हॉल तिचा, वाद्य तिचं. जिथे मालक एक आणि तिजोरी त्याची, तिथे इतका खटाटोप लागत नाही.

एक प्रश्न प्रत्येक मोहिमेत येतो, त्याला बगल देऊ नये. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन का आणत नाही? खऱ्या नळ्यांचे आवाज मुद्रित केलेले असतात, खर्च अगदी थोडा, सूर कधी उतरत नाही. विचारणारा मूर्ख नसतो; ज्या हॉलकडे ऑर्गन नाही त्याला हे उत्तर चालूनही जातं. पण हजारो नळ्यांतून जेव्हा हवा एकदम सुटते, तेव्हा हजारो ठिकाणांहून आवाज निघतो आणि हॉलच्या हवेतच त्यांची बेरीज होते. स्पीकरमधून ती बेरीज आधीच झालेली येते. आणि दुसरं म्हणजे आयुष्य. वीस-पंचवीस वर्षांनी त्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत. चामडं, सरस, कथील, लाकूड पन्नास वर्षांनीही मिळेल. पन्नास-शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर स्वस्त काय हे तितकं उघड राहत नाही.

पैसे जमले, नळ्या परत आल्या, आणि १८ मार्च २०१४ ला पूर्ण ऑर्गन पुन्हा वाजला. पहिल्या वादनाला साठ वर्षं पुरी व्हायला सहा दिवस बाकी होते.

बातमी इथे संपते, खर्च संपत नाही. लॉटरी फंड किंवा मोठा देणगीदार एकरकमी कामाला पैसे देतो. दरवर्षीच्या देखभालीला देणारा सहसा कुणी नसतो. त्यावर फलक लागत नाही ना. म्हणून शहाण्या संस्था मोहिमेतच एक कायम ठेव बाजूला काढतात. समजा देखभालीला वर्षाला २० हजार पौंड लागतात आणि ठेवीवर चार टक्के सुटतात, तर ठेव हवी पाच लाखांची. आवाहनाच्या आकड्यात हे पाच लाख मिळवले की आकडा मोठा दिसतो आणि समितीत कुणीतरी म्हणतं, हे नंतर बघू. नंतर कुणी बघत नाही. माझं मत विचाराल तर नळ्या थोड्या उशिरा बसल्या तरी चालतील, ठेव आधी.

कारण त्या नळ्या हवामानाबरोबर हलतात. हवा एक अंश तापली की नळीचा सूर थोडा चढतो. पितळी जिभेच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत, आणि दोघींचं जमेनासं होतं. म्हणून मोठ्या मैफलीआधी सूर जुळवणारा येतो, श्रोते गेल्यावर, हॉलचं तापमान मैफलीइतकं ठेवून. तो आत शिडीवर, नळ्यांच्या जंगलात, हातात सूर जुळवायचं छोटं हत्यार. बाहेर कीबोर्डवर त्याचा मदतनीस बसतो. आतून ‘पुढचा’ असं ऐकू आलं की तो पुढची पट्टी दाबतो, आणि ती तशीच दाबून धरतो. एकेक संच, एकेक पट्टी, पहाटेपर्यंत. त्या दोघांचं बिल पुढच्या आठवड्यात हॉलच्या कार्यालयात पोचतं, आणि ते त्या ठेवीच्या व्याजातून चुकतं करायचं असतं.